लोणच्याला सील ठोकणाऱ्या मॅडम

जयपूरला आदर्श नगरात आम्ही ज्या मॅडमच्या गच्चीवरच्या खोलीत राहायचो, त्यांच्या घरी लोणच्याच्या बरणीला सील असायचं. थट्टा नाही. बरणीच्या तोंडावर पांढरं फडकं, त्यावर सुतळी, सुतळीच्या गाठीवर वितळवलेली लाल लाख, आणि लाख गरम आहे तोवर तिच्यावर दाबलेला पितळेचा शिक्का. ही लाख मॅडम चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, बांगड्या करणाऱ्यांच्या गल्लीत स्वतः जाऊन आणायच्या. वाटीतलं लोणचं संपलं की बरणीचं सील मोडायचं, वाटीभर फोडी काढायच्या आणि परत सगळं पहिल्यापासून.

पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वाटलं, मी चोरून खाईन म्हणून हे. तेवढ्यात मॅडमनी तो शिक्का फडक्याने पुसला आणि माझ्याच हातात दिला.

"रख।"

"मेरे पास?"

"और किसके पास? डिब्बा भी मेरा, सील भी मेरी जेब में, तो सील काहे की? मैं ही खोलूँ, मैं ही बंद करूँ, दुनिया को क्या पता चले?"

म्हणजे बरणी त्यांच्या कपाटात आणि शिक्का माझ्या ट्रंकेत. त्यांनी सील मोडलं तर माझ्याशिवाय परत लावता येणार नाही, आणि माझ्या हाताला बरणी लागणार नाही. कैरीच्या फोडींसाठी एवढं! मी मान डोलावली. तेव्हा मी सगळ्यालाच मान डोलवायची.

मी मूर्तिजापूरकडची. आठवीत शाळा सुटली, मग लग्न झालं, आणि यांना रेल्वेत नोकरी लागली ती थेट जयपूरला, स्टेशनच्या पार्सल ऑफिसात पोर्टर म्हणून. क्वार्टर मिळायला वेळ होता. ऑफिसातल्या एका बाबूने सांगितलं, आदर्श नगरात एक सरकारी वकील मॅडम आहेत, एकट्याच असतात, दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला वरची खोली देतात. बाया टिकत नाहीत एवढंच.

आम्ही गेलो. फाटकाला आतून कुलूप. मॅडम उंच, वाळक्या, घरातसुद्धा बूट घातलेल्या. फाटक न उघडताच त्यांनी विचारलं, "किसने भेजा?"

यांनी बाबूचं नाव सांगितलं.

"उसको किसने बताया?"

आम्हाला काय माहीत?

"पता करके आओ।"

उन्हात परत स्टेशनला गेलो. बाबूने सांगितलं, बायकोने सांगितलं. बायकोने सांगितलं, देवळातल्या पुजारीजींनी. परत आदर्श नगर. मॅडम म्हणाल्या, "और पुजारी को?" यांचा चेहरा एवढासा झाला. तेव्हा त्यांनी कुलूप काढलं. "पुजारी को मैंने बताया था। आ जाओ।"

तर अशा होत्या. पण खोली दिली, हे मी विसरत नाही. परक्या मुलखात, ओळख ना पाळख, त्या बाईने आम्हाला डोक्यावर छप्पर दिलं. मला त्या "बंबईवाली" म्हणायच्या. मी मुंबई अजून बघितलेली नाही. एकदा सांगून बघितलं, तर म्हणाल्या, "देखा किसने, कि नहीं देखी?"

हा "देखा किसने" दिवसातून दहा वेळा यायचा. दूध उतू गेलं, मॅडम. देखा किसने? मी बघितलं. तू तो पार्टी है, तेरी गवाही नहीं चलेगी. भाजीवाल्याचा भोपळा मधून कापायला लावायच्या, कडेने नाही. कोर्टात जायचा रस्ता रोज वेगळा. कोणी मिठाईचा डबा आणला तर हात जोडून परत. देवीचा प्रसादसुद्धा कपाळाला लावून झाडाच्या मुळाशी.

घरातल्या फोनचाही नियम होता. उचलायचा, पण आधी बोलायचं नाही. समोरच्याने तोंड उघडल्यावर ठरवायचं. हे मी यांना सांगून ठेवलं होतं, आणि यांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. एकदा स्टेशनवरून फोन केला. मी उचलला, गप्प. तेही गप्प. मला यांच्या श्वासाचा आवाज येतोय, मागे गाडीची घोषणा ऐकू येतेय, आणि आम्ही नवराबायको एकमेकांवर संशय घेत उभे. शेवटी फोन कटला. संध्याकाळी हे चिडून म्हणाले, "अवं, बोलली काऊन नाहीस?" मी म्हटलं, "तुम्ही तरी कुठं बोललात?"

मॅडम ज्या कोर्टात उभ्या राहायच्या तिथे फक्त नशेच्या मालाचे खटले चालायचे. राजस्थानात अफूची शेतं असतात, त्यामुळे अफूचे खटले तिथे नेहमीचे. पण मॅडमचा जीव अडकला होता तो कॅप्सूलमध्ये. दुखण्यावरचं औषध, कारखान्यात बनणारं. पोरं एका वेळी मूठभर गिळायची. "बिना खेत की अफीम," त्या म्हणायच्या. "न फूल, न बदबू। सूँघने वाला कुत्ता भी सलाम करके निकल जाए।" आणि कोर्टात आरोपीचा वकील म्हणायचा, साहेब, औषधच तर आहे, खोकलं-दुखलं की आपणही घेतो.

समोरच्या गल्लीत एक विधवा बाई होती. तिचा मुलगा त्याच कॅप्सूलच्या नादी लागलेला. घरातलं शिलाईयंत्र विकून आलेला पैसाही त्याने गिळला. ती अधूनमधून यायची आणि फाटकाबाहेरच्या पायरीवर बसायची. मॅडम तिला कधी आत घ्यायच्या नाहीत. मला वाटायचं, काय दगड बाई आहे! पण पाणी द्यायला सांगायच्या, आणि ती असेपर्यंत स्वतः खिडकीत उभ्या राहायच्या. एकदा ती म्हणाली, "बहनजी, पकड़े तो जाते हैं। छूट क्यों जाते हैं?" मॅडमनी उत्तर दिलं नाही. मला मात्र जेवताना सांगितलं.

सुटायचे ते सीलमुळे. पोलीस माल पकडतात, पुड्या बांधतात, सील ठोकतात. कायद्याची रीत अशी, की मग तो शिक्का तिथल्या बाहेरच्या साक्षीदाराकडे द्यायचा. राजस्थानात त्याला मोतबीर म्हणतात. खटला उभा राहिला की मोतबीराने शिक्का घेऊन कोर्टात यायचं, तो पुडीवरच्या लाखेशी जुळवायचा. पण ठाणेदार काय करतात? शिक्का आपल्याच खिशात ठेवतात. मग आरोपीचा वकील विचारतो, पुडी तुमच्याकडे, शिक्का तुमच्याकडे, तर आतला माल तुम्ही बदलला नाही कशावरून? आणि न्यायाधीशांना ते मानावं लागतं.

"वो वकील झूठ बोलता है?" मी विचारलं.

"वो सही पूछता है," मॅडम म्हणाल्या. "इसीलिए तो आग लगती है।"

त्यांचा सगळ्यात जास्त संशय चोरांवर नव्हता, पोलिसांवर होता. चोर काय, तो चोरच.

रात्रीच्या पोळ्या होईपर्यंत त्या मला पेपर मोठ्याने वाचायला लावायच्या. अडखळले तर थांबायच्या. बातमी संपली की प्रश्न. हे कोणी सांगितलं? तो तिथे होता का? मग याला कसं कळलं? आठवीत सुटलेली माझी शाळा त्या स्वयंपाकघरात परत भरली असं मी म्हणेन. आज हे लिहितेय ते त्याच जोरावर.

आणि मग ती हिवाळ्यातली संध्याकाळ. हे ड्यूटीवरून आले ते पांढरेफटक. पार्सल ऑफिसात रेल्वे पोलिसांनी गाठोडी पकडली होती. वरून लेबल चादरींचं, आत थोड्याशा चादरी आणि बाकी सगळ्या कॅप्सूल. गाठोडी रेल्वेत चढवायला यांच्याच हातगाडीवर होती.

"ठाणेदार हासत हासत म्हणे, मोतबीर बन जा, नहीं तो मुलजिम तो है ही," हे म्हणाले. "मी सही केली. आता मले सांग, मी काय करू?"

नोकरी अजून पक्की झाली नव्हती. साक्षीत एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मोतबीराचा आरोपी व्हायला वेळ लागणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पोलिसांचा पितळी शिक्का. या ठाणेदाराने मात्र कायद्याप्रमाणे तो यांच्याकडे दिला होता.

मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. घाबरले होतेच, पण वाटलं, आपल्या घरातच एवढी मोठी वकील आहे. कॅप्सूलचा खटला, शिक्का मोतबीराकडे, मॅडम कधीची वाट बघतायत ते हेच! मी धावत खाली गेले. त्या जेवायला बसल्या होत्या. मी पोळी वाढता वाढता सगळं सांगायला लागले: स्टेशन, गाठोडी, चादरी, यांची सही, शिक्का.

मॅडमचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तसं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं, पहिल्या दिवशी फाटकातूनही नाही.

"चुप। एक लफ़्ज़ और नहीं।"

उठल्या. हात धुतले. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कल सुबह कमरा खाली कर दो।"

"मॅडमजी, हमने क्या किया?"

"मैंने कहा, चुप।"

दार लावून घेतलं. ताट तसंच राहिलं. सकाळी मी पाया पडायला गेले तर दार उघडलं नाही. लोणच्याचा शिक्का मी उंबऱ्यावर ठेवला आणि निघालो.

पार्सल ऑफिसात नागपूरकडचे एक काका होते. जयभीम-नमस्कारापुरतीच ओळख, पण त्यांनी आणि काकूंनी आपल्या क्वार्टरची मागची खोली लगेच रिकामी करून दिली. काकू म्हणाल्या, "राहा वं पोरी, भिंतीले का भाडं लागते?" तिथे मला काही कमी नव्हतं. पण डोक्यात एकच. मॅडमना वाटलं की हे त्या टोळीत आहेत. इतके दिवस जिच्या हातचं खाल्लं तिच्या नवऱ्याला त्यांनी एका घासात चोर ठरवलं. कधी राग यायचा. कधी वाटायचं, एवढी हुशार बाई, तिला दिसलं असेल काही, जे मला दिसत नाही. मग मी यांच्याकडेच निरखून बघायची. गाठोडी यांच्याच हातगाडीवर कशी? नवीन बूट कुठून आले? एकदा यांनी मला असं बघताना पकडलं. दुसऱ्या दिवशी बुटांची पावती आणून माझ्यासमोर ठेवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

अशातच एका दुपारी क्वार्टरवर एक माणूस आला. साधे कपडे, केस पोलिसासारखे बारीक कापलेले. काकू बाजारात गेल्या होत्या, हे ड्यूटीवर.

"थाने से आया हूँ, भाभीजी। वो सील दे दो, घंटे भर में लौटा दूँगा। एक पुड़िया की लाख चटक गई है।"

मी दार अडवून उभी राहिले.

"कोर्ट में बेइज़्ज़ती तो भाईसाहब की होगी। हमारा क्या है।"

"चाबी उनके पास है," मी म्हटलं.

त्याने माझ्या गळ्याकडे बघितलं. शिक्का ठेवलेल्या ट्रंकेची किल्ली तिथे काळ्या दोऱ्यात होती. "और ये?"

"ये सिलिंडर की साँकल की।"

तो हसला. "अच्छा। सिलिंडर गले में।" मग उगीच खोलीभर नजर फिरवली, म्हणाला, फिर आऊँगा, आणि गेला. परत कधीच आला नाही.

तो खरंच ठाण्यातून आला होता, की आरोपींनी पाठवला होता? की, आणि हे मला रात्रंदिवस छळायचं, मॅडमनीच पाठवला होता, मी देते का ते बघायला? संध्याकाळी यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरं केलं." थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "दाखव बरं एकदा." मी ट्रंक उघडून शिक्का दाखवला. आमच्या घरात असे दिवस आले होते.

साक्षीची तारीख लागली तेव्हा हे म्हणाले, तू पण चल. मी मागच्या बाकावर बसले. पदर तोंडाशी धरून बघितलं, तर सरकारच्या बाजूने मॅडम नव्हत्याच. दुसरेच एक तरुण वकीलसाहेब उभे. मी समजले, आमचं तोंडसुद्धा बघायचं नाही त्यांना.

यांनी गाठोड्यांचं, पुड्यांचं, सहीचं सगळं नीट सांगितलं. रुमाल सोडून शिक्का दिला. न्यायाधीशांनी पुडीवरची लाख आणि शिक्का शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघितलं. मग आरोपीचा वकील उठला. गोरा, गुळगुळीत माणूस, आवाज असा की जावयाशी बोलतोय.

"भैया, आप आदर्श नगर में सरकारी वकील साहिबा के मकान में रहते थे?"

याला कसं कळलं?

"रहते थे, साहब।"

"उनका खाते थे?"

"मेरी घरवाली बनाती थी। वो खाती थीं।"

मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"तो इस केस के बारे में उन्होंने आपको क्या-क्या समझाया?"

"कुछ नहीं। जिस दिन सही किया, उसके दूसरे दिन सुबह हमको निकाल दिया।"

"निकाल दिया?" वकिलाचा आवाज जरा बदलला. "क्यों?"

मी बघितलं, यांची मान खाली गेली. "मालूम नहीं, साहब। आज तक नहीं मालूम। तब से उन्होंने हमसे बात नहीं की।"

ते इतकं खरं होतं, आणि इतकं दुखून आलं होतं, की वकिलाने तो विषय तिथेच सोडला. कागद चाळले. मग म्हणाला, "ये सील घर में किसके पास रहती थी?"

"बीवी के ट्रंक में।"

"आप तो ड्यूटी पर रहते हैं। पीछे से बीवी ने किसी को दे दी हो तो?"

सगळं कोर्ट वळून माझ्याकडे बघायला लागलं. हे म्हणाले, "वो तो मेरे को भी नहीं देती, साहब। आज भी दस बार पूछा, कहाँ ले जा रहे हो।"

न्यायाधीशसुद्धा हसले. वकील बसला.

बाहेर व्हरांड्यात तरुण वकीलसाहेब यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम ने उसी दिन लिखकर दे दिया था, ये केस मैं नहीं चलाऊँगी, गवाह मेरे घर में रहता है। बरसों से ऐसे केस की राह देख रही थीं। आपको कारण बता देतीं, तो आज वो वकील पूछता, और आपको बताना पड़ता कि बात हुई थी। फिर आपकी गवाही सिखाई हुई हो जाती।"

हे तिथेच पायरीवर बसले. मी म्हणाले, चला, लोक बघतायत.

निकाल लागला. माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या माणसाला मोठी शिक्षा झाली. यांची नोकरी पक्की झाली. मग मी एकटीच आदर्श नगरला गेले. हात हलवत, काही घेऊन गेले असते तर झाडाच्या मुळाशीच गेलं असतं.

मॅडम अंगणात उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. आणखी वाळल्या होत्या. फाटक उघडलं, समोर बसायला वेताचा मुढा सरकवला. मी पण मटार सोलायला लागले. मग म्हटलं, "मॅडमजी, आप ने केस छोड़ा, वो समझ गई मैं। एक बात बताओ। हम पर शक था?"

मला वाटलं होतं, नाही म्हणतील.

"था," त्या म्हणाल्या. "उन पर नहीं। तुझ पर।"

"मुझ पर?"

"तू रोटी परोस रही थी और मैं सोच रही थी, इसको किसने भेजा? गवाह को मेरे घर में रखवाया, साल भर रोटियाँ बनवाईं, और ऐन वक़्त पर मेरे कान में सब डलवा दिया, कि केस मेरे हाथ से निकल जाए। उस वकील को पता कैसे चला कि तुम यहाँ रहते थे?"

"मेरे को क्या पता, मॅडमजी!"

"वही तो।" त्यांनी एक शेंग फोडली, आत बघितलं, कीड होती, बाजूला टाकली. "किसी ने भेजा था?"

गंमत म्हणून विचारत नव्हत्या. हात थांबवून माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा मला कळलं, इतका काळ गेला, शिक्षा झाली, तरी या बाईला हे खरोखरच माहीत नाही. आणि मी काय दाखवणार होते? कोण होतं बघायला?

"नहीं, मॅडमजी," मी म्हटलं. "किसी ने नहीं भेजा। मेरे को खुशी हुई थी, इसलिए बताया।"

त्यांनी मटाराची परात माझ्याकडे सरकवली.

"सुनके अच्छा लगा," त्या म्हणाल्या. "सच है कि नहीं, वो अलग बात है।"

मी निघाले तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. रिक्षा वळेपर्यंत त्या तिथेच उभ्या दिसत होत्या. मला बघत होत्या, की माझ्या मागून कोणी येतंय का ते बघत होत्या, मी सांगू शकत नाही.